घर कोणाच्या खांद्यावर

फिलिपिन्समध्ये कोणाच्या दाराशी गेलं की "ताओ पो!" अशी हाक द्यायची पद्धत आहे. 'ताओ' म्हणजे माणूस, आणि 'पो' हा आपल्या 'अहो'सारखा आदराचा शब्द. दाराशी माणूस आलंय हो, भूतखेत नाही, एवढंच सांगायचं. आतून "तुलोय पो!" आलं की चपला काढायच्या आणि वर जायचं. वर अशासाठी, की तिथली जुनी घरं खऱ्या अर्थाने वरच्या मजल्यावरच सुरू होतात. खाली घोडागाडी, भाताची पोती आणि पवित्र आठवड्याच्या मिरवणुकीत काढायचा संताचा रथ.

लागुना प्रांतात लॉस बान्योस या गावी मी सहा वर्षं राहिले. नवरा भाताच्या संशोधनात, आणि मी सकाळी अकरानंतर मोकळी. खाचरं, नारळी, फणस, चार महिने कोसळणारा पाऊस. पहिल्याच आठवड्यात वाटलं, कोणीतरी मला आजोळीच आणून सोडलंय. हळूहळू जुनी घरं बघत फिरण्याचं वेड लागलं.

सुरुवात अर्थातच कालांबापासून. ते शेजारचंच गाव, जीपनीने सहज जाता येतं. होसे रिझाल यांचा जन्म तिथे झाला, १९ जून १८६१ रोजी. डोळ्यांचे डॉक्टर, कादंबरीकार, कवी, आणि त्या देशाचे राष्ट्रपुरुष. स्पॅनिश सरकारने त्यांना ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात गोळ्या घातल्या, तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते. त्यांच्या घरी जाताना माझ्या मनात जी उत्सुकता होती, ती थोड्याफार भक्तीचीच म्हणायला हवी. हिरव्या रंगाचं टुमदार घर, खाली दगड, वर लाकूड. मी जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत वर जात होते, आणि सोबतच्या मुलीने सांगितलं की हे घर १९५० सालचं आहे. मूळचं काय उरलंय, तर अंगणातली विहीर.

माझा चेहरा पडला. खरं सांगते, फसवणूक झाल्यासारखं वाटलं. एवढी भक्ती घेऊन आले ती नकलेपुढे! त्या दिवशी विहिरीकडे मी नीट बघितलंसुद्धा नाही.

खरं जुनं घर बघायचं असेल तर पिला गावी चल, असं शेजारीण म्हणाली. तिच्या आत्याचं घर तिथे होतं. पिला हे तळ्याच्या काठचं गाव. मधोमध चौक, एका बाजूला चर्च, भोवती जुनी घरं. २००० साली तो चौक आणि भोवतालची घरं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली. पण संग्रहालयाचा थंडपणा तिथे कुठेच नाही. गॅलरीत कपडे वाळतायत, खाली सायकली उभ्या आहेत, कुठूनतरी लसूण परतल्याचा वास येतोय. आम्ही खालून हाक दिली, "ताओ पो!" वरून "तुलोय!" आलं. ऐंशी ओलांडलेल्या त्या बाईंना सगळं गाव लोला म्हणायचं, म्हणजे आजी. मीही तेच म्हणू लागले.

लोलाच्या घरात मला 'बाहाय ना बातो' म्हणजे काय ते कळलं. शब्दशः दगडाचं घर, पण दगडाचं काम फार थोडं. सगळा भार लाकडी खांबांवर. जमिनीतून निघालेले ते जाडजूड खांब थेट छपरापर्यंत जातात, आणि खालच्या मजल्याच्या दगडी भिंती त्यांच्याभोवती नुसत्या गुंडाळल्यासारख्या उभ्या असतात. याचं कारण भूकंप. ३ जून १८६३ च्या भूकंपात मनिलाचं कॅथीड्रल आणि गव्हर्नरचा राजवाडा जमीनदोस्त झाला, आणि १८८० साली पुन्हा मोठे हादरे बसले. दगड ताठ राहतो आणि फुटतो. लाकूड हलतं, कुरकुरतं आणि उभं राहतं. छपरावरची जड कौलं जाऊन पत्रे आले तेही त्यानंतरच. वेताबांबूंची, पामच्या झावळ्यांनी शाकारलेली, खांबांवर उभी असलेली झोपडी, म्हणजे 'बाहाय कुबो', त्या बेटांवर स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. हे मोठं घर म्हणजे तीच झोपडी. तिने फक्त खाली दगडाचा घागरा नेसलाय.

जिना चढून आलं की पहिली खोली, तिचं नाव 'काइदा', म्हणजे पडणं. जिना चढताना बायकांनी उचलून धरलेला झग्याचा घोळ इथे आल्यावर खाली सोडायचा, म्हणून हे नाव. पुढे दिवाणखाना. तिथली जमीन नार्रा लाकडाच्या हातभर रुंद फळ्यांची. लोलाकडे कामाला येणारा मुलगा दर शनिवारी नारळाचं अर्धं सोडण एका पायाखाली घ्यायचा, आणि नाचल्यासारखा पाय पुढे-मागे करत ती जमीन घासायचा. त्याला 'बुनोत' म्हणतात. घासून झाल्यावर त्या फळ्यांत वरच्या झुंबराचं प्रतिबिंब दिसायचं. पूर्वी मेणाबरोबर केळीची पानंही वापरायचे, असं लोला सांगायची.

आणि खिडक्या! त्यांच्याविषयी मला थोडं सविस्तर लिहायलाच हवं.

बार्देशात, म्हापशाजवळच्या माझ्या आजोळी, माझ्या लहानपणी शिंपल्यांच्या खिडक्या होत्या. चपटे, कागदासारखे पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेले. काच जेव्हा दुर्मिळ होती तेव्हाची ती सोय. दुपारी दारं लावून सगळे निजले की त्या खिडक्यांतून जो उजेड यायचा तो ऊन नव्हता आणि सावलीही नव्हती. दुधात पाणी घातल्यासारखा काहीतरी होता. पुढे मामाने काचेच्या खिडक्या केल्या. त्याचंही बरोबर होतं, शिंपले तुटले की बदलून देणारा सुतार उरला नव्हता. जुनी तावदानं माळ्यावर गेली, आणि तो उजेड मी विसरून गेले.

लोलाच्या दिवाणखान्यात मी पाऊल ठेवलं आणि तोच उजेड अंगावर आला. मला क्षणभर बोलताच येईना. तिथे त्या शिंपल्याला 'कापिस' म्हणतात. जात तीच, जी गोव्याच्या खाड्यांत सापडते. फरक एवढाच, की आमच्याकडे खिडकीची दारं बिजागरीवर उघडतात आणि तिथे ती खाचेतून बाजूला सरकतात. सगळी सरकवली की भिंतच नाहीशी होते. खिडकीच्या खाली, अगदी जमिनीलगत, आणखी छोट्या खिडक्या असतात, 'वेंतानिल्या'. चटईवर निजलेल्या माणसालाही वारा लागावा म्हणून. निजलेल्या माणसाचा विचार करून बांधलेलं घर! मला त्या घराबद्दल जी माया वाटू लागली तिची सुरुवात तिथून झाली.

या अशाच एका खिडकीतून तो देश जन्माला आला. काव्हिते प्रांतातल्या कावित गावी स्पेनविरुद्धच्या क्रांतीचे नेते एमिलियो आगिनाल्दो यांचं घर आहे. १२ जून १८९८ ला दुपारी चार ते पाचच्या दरम्यान त्या घराच्या खिडकीत उभं राहून आंब्रोसिओ रियान्सारेस बाउतिस्ता यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. निशाण फडकलं. ते मार्सेला आगोन्सिल्यो यांनी हाँगकाँगमध्ये शिवलं होतं, आपली लहानगी मुलगी आणि रिझाल यांची एक भाची यांच्या मदतीने. बँडने हुलियान फेलिपे यांनी नुकतीच रचलेली राष्ट्रगीताची धून वाजवली. त्या धूनला तेव्हा शब्दही नव्हते. आज तिथे जी सुंदर सज्जा दिसते, आणि दर वर्षी जिच्यावरून निशाण चढवतात, ती पुढच्या दुरुस्तीत बांधलेली. त्या दिवशी होती ती साधी खिडकी. रोज सकाळी कोणीतरी सरकवायचं आणि पाऊस आला की लावायचं, अशी.

स्वातंत्र्य टिकलं नाही. स्पेन गेला आणि अमेरिका आली. १९४६ साली ४ जुलैला अमेरिकेने सत्ता सोडली, आणि सोळा वर्षं तोच स्वातंत्र्यदिन पाळला गेला. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी तो १२ जूनवर आणला. दुसऱ्याने दिलेल्या तारखेऐवजी आपण त्या खिडकीत उच्चारलेली तारीख. त्यानंतर वर्षभराने, १२ जून १९६३ ला, म्हाताऱ्या आगिनाल्दोंनी आपलं घर देशाला देऊन टाकलं. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले, आणि त्यांची समाधी त्याच घराच्या मागच्या बागेत आहे. जेवणघराच्या छतावर त्यांनी देशाचा उठावदार नकाशा करवून घेतलाय. पानावर बसलं आणि मान वर केली की डोक्यावर सगळी बेटं.

हे सगळं मी लोलाला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी दिलं, कारण द्यायला ते एकटे होते. आम्ही बावीस जण आहोत." म्हणजे त्या घराचे वारस. भावंडं, त्यांची मुलं, नातवंडं. कोणी कॅलिफोर्नियात, कोणी दुबईत. तिथल्या कायद्यात प्रत्येक मुलाचा वाटा असतोच, त्यामुळे तीन पिढ्यांत घराचे सगळे खांब एकेकाच्या नावावर वाटून द्यावेत अशी अवस्था होते. वाळवी मात्र सगळ्यांच्या वाट्याची एकत्र येते. २००९ च्या वारसा कायद्याने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वास्तूंना संरक्षण दिलं. सहज पाडता येऊ नयेत म्हणून, आणि ते योग्यच होतं. पण छप्पर गळलं तर पत्रा कोणी आणायचा, हे कायद्याच्या कागदावरून ठरत नाही. लोलाचं छप्पर स्वयंपाकघराच्या बाजूला गळत होतं. तिथे तिने एक निळी बादली ठेवली होती.

अशा घरांना गिऱ्हाइकं येतात. कोणी फर्निचरसाठी, कोणी नुसत्या फळ्यांसाठी, कोणी अख्ख्या घरासाठी. बातान प्रांतात बागाक या समुद्रकाठच्या गावी लास कासास फिलिपिनास नावाची जागा आहे. ठिकठिकाणची जुनी घरं उतरवून, एकेका लाकडावर आकडा घालून, ट्रकने नेऊन तिथे पुन्हा उभी केली आहेत. २०१० पासून ती पर्यटकांना खुली आहे. आम्ही दोन दिवस जाऊन राहिलो. सुतारकाम आणि कोरीवकाम इतकं कसलेलं, की हात लावून बघावंसं वाटतं. मनिलाच्या क्वियापो भागातल्या हिदाल्गो रस्त्यावरची एनरिकेस कुटुंबाची १८६७ सालची हवेली आता तिथे आहे. फिलिपिन्स विद्यापीठाची कलाशाळा सर्वांत आधी जिथे भरली, ती हवेली. मनिलात असताना तिचे फार हाल झाले होते. शेवटी शेवटी तिच्याकडे ढुंकून बघणारं कोणी नव्हतं. ती उचलली नसती तर आज कदाचित सरपण झाली असती. हे मला नाकारता येत नाही.

तरीही रात्री त्या फरसबंद रस्त्यावरून हिंडताना माझा जीव घाबरला. दोन्ही बाजूंना एकाहून एक देखणी घरं, आणि "ताओ पो" म्हणावं असं एकही दार नाही. घरं आली होती, त्यांची माणसं आली नव्हती. क्वियापोतली हवेली समुद्राकडे तोंड करून उभी होती, आणि क्वियापोत तिच्या जागी खड्डा राहिला होता.

घर हलवणं तिथे नवीन नाही, हेच मला राहून राहून आठवत होतं. 'बायानिहान' हा शब्द तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. पूर, उंदीर, भांडण, काहीही कारण असो, बाहाय कुबोची जागा बदलायची ठरली की गावातले लोक जमतात. घराखालून बांबू आडवे-उभे बांधतात, आणि अख्खं घर खांद्यावर घेऊन चालू लागतात. मालक पुढे, पोरं मागे, कुत्री भुंकतायत. पोहोचल्यावर मालकाने सगळ्यांना जेवायला घालायचं. या शब्दाच्या पोटात 'बायान' आहे. बायान म्हणजे गाव, आणि बायान म्हणजेच देश. पिला गावसुद्धा असंच उठून आलेलं. तळ्याचं पाणी सारखं गावात शिरतं म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावकऱ्यांनी जुनी जागा सोडली, आणि चर्चचे दगडही उतरवून नव्या जागी आणले. दगड आणि माणसं बरोबर चालली.

बिन्यान गावाची गोष्ट मी ऐकली ती याच सुमारास. तिथल्या चौकात आल्बेर्तो कुटुंबाचं घर आहे. रिझाल यांच्या आईचं, तेओदोरा आलोन्सो यांचं, माहेर. भावाच्या बायकोवर विषप्रयोग करायला मदत केल्याचा खोटा आळ त्या माउलीवर आला, आणि सांता क्रूसच्या तुरुंगापर्यंत, सुमारे पन्नास किलोमीटर, तिला पायी चालवत नेलं. अडीच वर्षं ती आत होती. धाकटा होसे तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. त्याच्या लेखणीला धार कुठून आली हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. तर हे घरही बागाकला जायचं ठरलं होतं. वारसांनी विकायला काढलं, काही भाग उतरवूनही झाला. तेव्हा बिन्यानचे लोक उठले. निदर्शनं झाली, निवेदनं गेली, वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर शहराच्या पालिकेने ते ताब्यात घेतलं, आणि घर चौकातच, आपल्या जागी, पुन्हा उभं राहिलं. नव्या लाकडाचं प्रमाण त्यात बरंच आहे. त्या नव्या लाकडाबद्दल बिन्यानचा एकही माणूस खंत करताना मला भेटला नाही. "आमच्याकडेच राहिलं," असं म्हणत होते.

बिन्यानहून परतताना मी कालांबाला उतरले. विहीर बघायची राहिली होती.

या वेळी मी त्या 'नकली' घराची जन्मकथा नीट ऐकली. रिझाल कुटुंबाचं मूळ घर त्यांच्या हातून गेलं, ते ज्या जमिनीवर होतं ती धर्मगुरूंच्या मालकीची होती म्हणून. खंडाच्या वादात १८९० च्या आसपास कालांबातल्या कुळांना हुसकावून लावलं, त्यात हे कुटुंबही निघालं. पुढे घरही गेलं. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष किरिनो यांनी ते पुन्हा बांधायचा आदेश काढला. हे किरिनो कोण? फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत ज्यांची बायको आणि पाच मुलांपैकी तीन मुलं मारली गेली, ते. त्या एका महिन्यात मनिलात सुमारे एक लाख सामान्य माणसं मेली. इंट्रामुरोस या तटबंदीतल्या जुन्या शहरात सान आगुस्तिन चर्च तेवढं शाबूत राहिलं. स्वतःचं घरकुल राखेत बघितलेल्या माणसाने तीन वर्षांनी काय आदेश द्यावा, तर एक घर बांधा.

ते काम सोपवलं वास्तुविशारद हुआन नाकपिल यांच्याकडे. त्यांची आई ग्रेगोरिया दे हेसुस. क्रांतिकारक आंद्रेस बोनिफासिओ यांची विधवा, आणि कातिपुनान या गुप्त संघटनेची कागदपत्रं स्वतःच्या जिवावर सांभाळणारी बाई. बोनिफासिओंच्या मृत्यूनंतर तिने संगीतकार हुलिओ नाकपिल यांच्याशी लग्न केलं. हुआन वाढला क्वियापोतल्या घरात. १९१४ सालचं ते नाकपिल-बाउतिस्ता घर आजही त्याच गल्लीत उभं आहे. जुन्या घराचा जिना कसा वळतो आणि खिडकी कशी सरकते हे या माणसाला पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

आणि पैसे? पैसे दिले शाळेतल्या मुलांनी. देशभरच्या शाळांतून नाणी गोळा झाली. युद्ध संपून उणीपुरी चार-पाच वर्षं झालेली, कित्येक शाळांना छप्पर नसेल, कित्येक मुलांना बाप नसेल. त्यांच्या नाण्यांतून ते जिने, त्या फळ्या, तो शिंपल्यांचा उजेड. १९५० मध्ये रिझाल यांच्या वाढदिवशी घर खुलं झालं.

मी विहिरीच्या काठावर हात टेकून उभी होते. मागे शाळेची एक सहल आली होती. मुलं एकमेकांना ढकलत आत वाकून बघत होती, आणि त्यांच्या बाई ओरडत होत्या. मी परत जिना चढून वर गेले. पहिल्या खेपेला हात कठड्यावरून सहज फिरवला होता. या खेपेला मी तो धरून चढले.

आम्ही परत निघायच्या आदल्या आठवड्यात मी लोलाकडे गेले. घराचं काही ठरलं नव्हतं. बावीसपैकी सहा जणांच्या सह्या व्हायच्या होत्या, कशासाठी ते मी विचारलं नाही. आम्ही चहा पीत होतो, आणि तळ्याच्या बाजूने आभाळ भरून आलं. लोला उठली. एका बाजूच्या खिडक्या तिने घेतल्या, दुसऱ्या बाजूच्या मी. माझी शेवटची खिडकी अर्ध्यावर अडली. मी जोर लावला तरी हलेना, आणि पाऊस आत यायला लागला. लोला आली, माझा हात बाजूला केला, चौकट खालून दोन बोटांनी किंचित उचलली. "दमट हवेत फुगते ती," म्हणाली, "तिला असं जरा वर धरायचं." मग माझा हात धरून तिने तिथेच ठेवला. मी उचललं. खिडकी खाचेतून सरकत गेली आणि टक्कन लागली. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता, आतल्या निळ्या बादलीत पहिले थेंब पडायला लागले होते, आणि दिवाणखान्यात तो दुधाचा उजेड भरला होता.